ग्राफीनच्या खाली काय आहे, तेही छापावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला द्विमितीय, म्हणजे जेमतेम मोजक्या अणूंच्या जाडीच्या, पदार्थांवरचा सविस्तर लेख वाचला. ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, बोरॉन नायट्राइड ही नावे मराठी वृत्तपत्राच्या पानावर बऱ्यापैकी अचूक वर्णनासह आली याचा आनंद आहे. लेखकाने चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून ग्राफीन मिळवल्याच्या २००४ मधल्या गोष्टीवर न थांबता वाचकाला २०१८ मधल्या ‘जादुई कोना’पर्यंत, म्हणजे ग्राफीनचे दोन थर ठरावीक कोनात पिळून ठेवले की ते अतिसंवाहक होतात, वीज विनारोध वाहून नेतात, या शोधापर्यंत नेले, याबद्दल त्यांचे अभिनंदनही करायला हवे. मात्र संपूर्ण लेखात ‘ऑक्साइड’ हा शब्द एकदाही आलेला नाही. अनेक वर्षे थिन फिल्म, म्हणजे अतिपातळ थर, हा विषय शिकवलेल्या माणसाला ही उणीव किरकोळ वाटत नाही. द्विमितीय पदार्थांची आजवरची बहुतेक मोजमापे कुठल्या ना कुठल्या ऑक्साइडच्या थरावर, थराखाली किंवा दोन थरांच्या मध्ये झालेली आहेत, आणि त्या थराचा हिशेब सोडून दिला तर त्या मोजमापांचा अर्थच लागत नाही.

ग्राफीन मुळात दिसले कसे, इथूनच सुरुवात करता येईल. कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचा हा पापुद्रा आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के प्रकाश शोषतो. साध्या काचेवर ठेवलेला असा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसणे जवळजवळ अशक्य आहे. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचे सोललेले तुकडे सिलिकॉनच्या चकतीवर ठेवले, आणि त्या चकतीवर सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा थर होता. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जसे रंग उमटतात, तसेच या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणामुळे चकतीला विशिष्ट रंग येतो, आणि त्यावर एका अणूचा थर जरी ठेवला तरी त्या रंगात डोळ्याला कळेल एवढा फरक पडतो. या दोघांनीच २००७ मधल्या आपल्या आढावा लेखात नोंदवले आहे की ऑक्साइडची जाडी ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटर, म्हणजे केवळ पाच टक्क्यांनी जास्त असती, तर एकपदरी ग्राफीन पूर्णपणे अदृश्य झाले असते. २०१० च्या नोबेल पारितोषिकाच्या बातम्यांत चिकटपट्टी सगळ्यांनी छापली. तिच्याइतकेच काम करणारा हा ऑक्साइडचा थर मात्र फारसा कोणी छापला नाही.

या दुर्लक्षाला इतिहास आहे, कारण संगणकयुगाची कथाही आपण अशीच अर्धी सांगत आलो आहोत. सिलिकॉन हा काही सर्वोत्तम अर्धवाहक नव्हे. इलेक्ट्रॉन जर्मेनियममध्ये अधिक सहज धावतात, आणि पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे वीजप्रवाहाचे नियमन करणारे उपकरण, जर्मेनियमचाच होता. तरीही बाजी सिलिकॉनने मारली, यामागे त्याच्या ऑक्साइडचा वाटा फार मोठा आहे. सिलिकॉन तापवून त्याला ऑक्सिजन दिला की त्याच्या अंगावर घट्ट, एकसंध आणि उत्तम विद्युतरोधक असा थर आपोआप तयार होतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी १९५९-६० मध्ये ज्या प्रकारचा ट्रान्झिस्टर घडवला, तो या ऑक्साइडच्या भरवशावरच उभा होता, आणि आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. पुढे ट्रान्झिस्टर लहान करण्याच्या चढाओढीत हा थर पातळ होत होत १.२ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच अणुथरांपर्यंत आला. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार झिरपू लागले, चिप स्वस्थ बसलेली असतानाही वीज खाऊ लागली, आणि २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटर पिढीच्या चिपमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडच्या जागी हाफनियमवर आधारित ऑक्साइड आणला. विद्युतक्षेत्राला अधिक दाद देणारा पदार्थ घेतला की इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावरची तीच पकड जाड थरातूनही ठेवता येते, असे त्यामागचे तत्त्व आहे. याचे माप डायइलेक्ट्रिक स्थिरांक या आकड्याने सांगतात. सिलिकॉन डायऑक्साइडसाठी तो ३.९ आहे, तर हाफनियम ऑक्साइडसाठी २० च्या आसपास.

आता आपल्या लेखात ज्याला ‘सिलिकॉनचा वारसदार’ म्हटले आहे त्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळतो. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान येथील आंद्रास किस यांच्या गटाने या पदार्थाच्या एकाच थराचा, म्हणजे ०.६५ नॅनोमीटर जाडीचा ट्रान्झिस्टर करून दाखवला. चालू आणि बंद स्थितीतल्या प्रवाहांचे गुणोत्तर दहा कोटी होते, आणि ही कामगिरी खरोखरच मोठी होती. त्या ट्रान्झिस्टरच्या खाली २७० नॅनोमीटरचा सिलिकॉन डायऑक्साइड होता आणि वर ३० नॅनोमीटरचा हाफनियम ऑक्साइड, व त्यावर धातूचा पट्टा. तोपर्यंत या पदार्थाच्या एका थरातली मोबिलिटी, म्हणजे विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहजतेने सरकतात याचे माप, ०.५ ते ३ एवढीच सापडत असे. या प्रयोगात ती किमान २०० असल्याचे सांगण्यात आले. जगभर खळबळ उडाली आणि शेकडो प्रयोगशाळा या पदार्थाकडे वळल्या. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, मायकेल फ्यूरर आणि जेम्स होन यांनी एक साधी पण मूलगामी शंका उपस्थित केली. मोबिलिटी काढताना खालच्या जाड ऑक्साइडची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, तेवढी हिशेबात धरली होती. वरचा धातूचा पट्टा मोकळा सोडला की तो पातळ हाफनियम ऑक्साइडमधून ट्रान्झिस्टरशी जोडला जातो आणि खालून दिलेल्या विद्युतदाबाचा परिणाम कितीतरी पटींनी वाढवतो; त्यामुळे मोबिलिटी आहे त्याहून बरीच जास्त भासते. पदार्थाबद्दलचा आकडा चुकीचा ठरण्याचे कारण पदार्थात नव्हतेच, दोन ऑक्साइड थरांच्या हिशेबात होते. हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने दिले, कारण वृत्तपत्रांत पहिला आकडा पोहोचतो आणि दुसरी दुरुस्ती पोहोचत नाही, आणि या विषयात ती दुरुस्ती बहुतेक वेळा ऑक्साइडच्या दारातूनच येते.

हा थर चढवणे ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. आज उद्योगात ऑक्साइडचे अतिपातळ थर ज्या पद्धतीने चढवले जातात तिला अणुथर निक्षेपण म्हणता येईल. फिनलंडमध्ये तुओमो सुंतोला यांनी १९७४ मध्ये ती विकसित केली, आणि त्यासाठी त्यांना २०१८ चे मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. आधी एका धातूच्या संयुगाची वाफ सोडायची, ती पृष्ठभागावर एका थरापुरती चिकटते. उरलेली काढून टाकायची. मग पाण्याची वाफ सोडायची. पुन्हा पहिली वाफ. अशा आवर्तनांनी थर मोजून मापून वाढतो. मात्र पहिली वाफ चिकटायला पृष्ठभागावर मोकळे रासायनिक बंध किंवा हायड्रॉक्सिल गट लागतात. ग्राफीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचे वैशिष्ट्यच असे की त्यांच्या पृष्ठभागावरचे सगळे बंध आधीच तृप्त असतात. त्यामुळे ऑक्साइड सलग पसरत नाही, त्याच्या गुठळ्या होतात आणि मध्ये भोके राहतात. पृष्ठभाग ओझोनने किंवा प्लाझ्माने खरवडून ‘चिकट’ करावा, तर ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या एका थरालाच इजा होते. ज्या गुणामुळे हे पदार्थ आकर्षक वाटतात, तोच गुण त्यांच्यावर ऑक्साइड बसू देत नाही. सिलिकॉनला निसर्गाने जन्मजात दिलेली सोय इथे नाही, आणि ‘वारसदार’ हा शब्द वापरताना निदान एवढे तरी वाचकाला सांगायला हवे.

ऑक्साइड हे नुसते अस्तर आहे असा समज मात्र माझ्या पत्रावरून होऊ नये. ऑक्साइडच्या थरांमध्ये स्वतःचे द्विमितीय जग आहे, आणि माझ्या मते ते ग्राफीनपेक्षाही अधिक विलक्षण आहे. २००४ मध्येच, ग्राफीनचा शोधनिबंध ऑक्टोबरमध्ये येण्याच्या काही महिने आधी, अकिरा ओटोमो आणि हॅरॉल्ड ह्वांग यांनी दाखवले की लँथनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट हे दोन विद्युतरोधक एकमेकांवर नीट जुळवून बसवले, तर त्यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांची वाहक चादर तयार होते. दोन वर्षांनी ऑग्सबर्ग येथील गटाने त्यातली आणखी एक गंमत दाखवली: वरच्या ऑक्साइडचे तीन एकक थर (स्फटिकरचनेच्या एका पुनरावर्ती घटकाएवढ्या जाडीचे थर) असतील तर सीमा रोधक राहते आणि चौथा थर बसताच ती वीज वाहू लागते. २००७ मध्ये ही चादर सुमारे ०.२ केल्व्हिन तापमानाखाली अतिसंवाहकही होते असे आढळले. हे इलेक्ट्रॉन येतात कुठून यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. सुरुवातीच्या काही नमुन्यांमधली अतिशय जास्त वाहकता खरे तर खालच्या स्फटिकातून ऑक्सिजनचे अणू निघून गेल्यामुळे होती, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणजे थर वाढवताना निर्वातकक्षात ऑक्सिजनचा दाब किती ठेवला, एवढ्या एका बाबीवर निष्कर्ष फिरत होता. थर प्रत्यक्ष वाढवणाऱ्या माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही.

या दोन जगांना जोडणारा पूल गेल्या दशकात बांधला गेला, आणि लेखात त्याचा उल्लेख यायला हवा होता असे मला सर्वाधिक तीव्रतेने वाटते. स्टॅनफर्डमध्ये ह्वांग यांच्याच गटाने २०१६ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. स्फटिकावर आधी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा एक मधला थर वाढवायचा, त्यावर हवा तो ऑक्साइड वाढवायचा, आणि मग सगळे पाण्यात बुडवायचे. मधला थर पाण्यात विरघळून जातो आणि वरचा ऑक्साइड अखंड पापुद्र्यासारखा सुटा होतो. जो ऑक्साइड आजवर आपल्या स्फटिकाला जखडलेला होता, तो आता उचलून कशावरही ठेवता येऊ लागला. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी असे सुटे पापुद्रे थेट एका एकक थराच्या जाडीपर्यंत नेले. आणि २०२२ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने स्ट्रॉन्शियम टायटनेटचा सुटा पापुद्रा मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये वापरून दाखवण्यात आला. या ऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साध्या तापमानाला ३०० च्या घरात असतो. वर दिलेल्या ३.९ शी त्याची तुलना वाचकानेच करावी. शिवाय वरून अलगद ठेवल्यामुळे, तृप्त बंधांच्या पृष्ठभागावर वाफ चिकटवण्याचा प्रश्नच येत नाही. हा मार्ग कारखान्यापर्यंत जाईल की नाही हे आज सांगणे धाडसाचे होईल, कारण मोठ्या चकतीवर सुरकुती आणि तडा न जाऊ देता असा पापुद्रा पसरणे फार अवघड आहे. पण द्विमितीय पदार्थांचे भवितव्य कुठे अडले आहे आणि कुठून सुटू शकेल, हे समजायचे असेल तर पाहायचे ते इथेच.

असे ऑक्साइड वाढवण्याची जी पद्धत जगभर सर्वाधिक वापरली जाते, तिच्याशी आपल्या पुण्याचा जवळचा संबंध आहे, आणि मराठी वृत्तपत्राने तो सांगायला काहीच हरकत नव्हती. १९८७ च्या सुरुवातीला नव्वद केल्व्हिनच्या वर अतिसंवाहक होणारा यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड सापडला, तेव्हा त्याचा पातळ थर कसा करायचा हा प्रश्न होता. नेहमीच्या पद्धतीने तापवून बाष्प केले तर प्रत्येक धातू आपापल्या वेगाने उडतो आणि एक-दोन-तीन हे अणूंचे प्रमाण बिघडते. अमेरिकेत बेलकोअर या संशोधन संस्थेत टी. वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ऑक्साइडच्या गोळीवर लेसरचा अतिशय थोड्या नॅनोसेकंदांचा स्पंद मारला. एवढ्या कमी वेळात वेगवेगळे उडण्याची सवडच नसल्याने सगळे घटक एकदम, मूळ प्रमाणात उसळतात आणि समोर तापवून ठेवलेल्या स्फटिकावर जाऊन बसतात. प्रयोगशाळेत या उसळीला ‘प्लूम’ म्हणतात, आणि अनुभवी विद्यार्थी प्लूमचा रंग व आकार पाहूनच फिल्म कशी येणार याचा अंदाज बांधतो. त्याच १९८७ मध्ये पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील सतीशचंद्र ओगले, वि. गो. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात ठेवलेल्या लोखंडावर लेसरचा स्पंद मारून त्याच्या पृष्ठभागावर एरवी सहजी न टिकणारी लोहाची ऑक्साइडे त्यांनी तयार केली होती. द्रवात बुडवलेल्या घनपदार्थावर लेसर मारून नवे पदार्थ, विशेषतः नॅनोकण, घडवणे ही आज मोठी शाखा आहे, आणि तिच्यावरचे आढावे लिहिणारे परदेशी लेखक आरंभ म्हणून याच निबंधाकडे बोट दाखवतात. ओगले यांनी पुढे मेरीलँड विद्यापीठात वेंकटेशन यांच्यासोबत ऑक्साइड फिल्मवर दीर्घकाळ काम केले आणि नंतर पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर येथे ते कार्यरत होते. लेखात मँचेस्टर, मॅसॅच्युसेट्स आणि बेंगळुरू आले. पुणे विद्यापीठाचे गणेशखिंड आले नाही.

हा केवळ स्थानिक अभिमानाचा मुद्दा नाही, कारण यापुढचा प्रश्न सार्वजनिक पैशाचा आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्याच्या चार केंद्रांपैकी पदार्थ आणि उपकरणे यांचे केंद्र आयआयटी दिल्लीकडे आहे आणि संवेदन व मापनशास्त्राचे आयआयटी मुंबईकडे. द्विमितीय पदार्थांच्या चिपसाठी भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सरकारला दिलेल्या प्रस्तावाची बातमीही आपण मध्यंतरी छापली होती. अशा योजनांकडे पाहताना पत्रकार रक्कम विचारतात, नॅनोमीटर विचारतात. थर कोण वाढवणार आणि तो कशावर वाढवणार, हे विचारत नाहीत. या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी जपानमधल्या त्सुकुबाचे उदाहरण पुरेसे आहे. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील गटाने दाखवले की सिलिकॉन डायऑक्साइडच्या खडबडीत आणि विद्युतभारांनी डागाळलेल्या पृष्ठभागापेक्षा षट्कोनी बोरॉन नायट्राइडवर ग्राफीन कितीतरी चांगले वागते. तेव्हापासून या क्षेत्रातल्या उत्तमोत्तम प्रयोगांसाठी लागणारे बोरॉन नायट्राइडचे स्फटिक प्रामुख्याने त्सुकुबातल्या एकाच संस्थेतून, केंजी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची या दोघांकडून येत आले आहेत. प्रचंड दाबाच्या यंत्रात ते हे स्फटिक वाढवतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवतात. ‘जादुई कोना’च्या २०१८ मधल्या शोधनिबंधांवरही त्यांची नावे आहेत. स्फटिक वाढवणाऱ्या दोन माणसांवर एक अख्खे क्षेत्र इतकी वर्षे विसंबून असावे, हे योजना आखणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे लेसर आणि निर्वातकक्ष खरेदी करायला निधी मिळतो. त्यात ठेवायचा नखाएवढा स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक, निदान माझ्या नोकरीच्या काळात तरी, परदेशातून मागवावा लागे, आणि तो येईपर्यंत विद्यार्थ्याचे सहामाही प्रगतिपत्र भरून झालेले असे. स्फटिक वाढवणे हे संथ, चिवट आणि शोधनिबंधांच्या मोजणीत फारसे न बसणारे काम आहे. बढतीच्या मुलाखतीत त्याला वजन नसेल, तर ते करायला हुशार मुले-मुली पुढे येणार नाहीत, आणि मग आपण दुसऱ्याच्या स्फटिकावर दुसऱ्याच्या यंत्राने मोजमाप करत राहू. ही टीका मी कुठल्या एका संस्थेवर करत नाही. निवड समित्यांवर आम्हीच बसत होतो.

तेव्हा आपल्याला एक व्यावहारिक विनंती आहे. एप्रिल २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ५,९०० ट्रान्झिस्टर असलेला ३२ बिटांचा प्रक्रियक प्रसिद्ध केला, तेव्हा ‘सिलिकॉनचा अस्त’ अशा अर्थाचे मथळे अनेक ठिकाणी आले. त्या प्रक्रियकाचा वेग किलोहर्ट्झमध्ये मोजला जात होता. आपल्या फोनचा वेग गिगाहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे दहा लाख पटींचे अंतर आहे. तरीही ते काम महत्त्वाचे आहे, कारण एवढ्या संख्येने ट्रान्झिस्टर एकत्र चालणे म्हणजे त्या चकतीवरचा अर्धवाहक आणि त्याला लागून असलेला विद्युतरोधक थर, दोन्ही पुरेसे एकसारखे जमले होते. बातमी खरी तिथे होती. पुढच्या वेळी अशी बातमी हाती आली की आपल्या विज्ञान प्रतिनिधीने मूळ निबंधातून तीन गोष्टी शोधून दोन ओळींत द्याव्यात: पदार्थ कशावर ठेवला होता, त्याच्यावर कोणता ऑक्साइड किती जाडीचा चढवला होता, आणि केलेल्या नमुन्यांपैकी किती चालले. या तिन्ही गोष्टी बहुतेक निबंधांच्या पद्धतींच्या विभागात किंवा पुरवणी माहितीत दिलेल्या असतात. शोधायला अर्धा तास लागेल. कुठे अडले तर गणेशखिंडीपासून पवईपर्यंत ते समजावून सांगणारी माणसे आपल्या राज्यात आहेत, आणि त्यांना मराठीतून विचारता येते.

आपला,
थिन फिल्म विषयाचा एक निवृत्त अध्यापक, पुणे